गाडीचे काळे प्लास्टिक पांढरे पडू नये म्हणून: नवख्या नाशिककर गाडीमालकांसाठी पायरीवार मार्गदर्शन

नवी गाडी घरी आली की रंगाला ओरखडा पडू नये म्हणून सगळे घर जागरूक असते. पण बंपरचा खालचा काळा भाग, चाकांवरच्या कमानींची क्लॅडिंग (बाहेरून बसवलेले प्लास्टिकचे आवरण), दारांखालची पट्टी, वायपरच्या बुडाशी असलेली जाळी आणि आरशांची काळी बैठक यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दोन-तीन उन्हाळे सरले की हेच भाग आधी फिकट, मग राखाडी आणि शेवटी पिठूळ पांढरे दिसू लागतात, आणि मग मालक बाजारात काळे करणारे काहीतरी शोधू लागतो. वास्तविक प्लास्टिक वाचवण्याचे काम ते काळेभोर असतानाच, शक्यतो गाडी घेतल्याच्या पहिल्याच वर्षी सुरू करावे लागते. पृष्ठभाग एकदा उन्हाने भुसभुशीत झाला की त्यावर काहीही चोळले तरी तो मूळचा होत नाही, फक्त काही आठवडे झाकला जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही गोष्ट धरून लिहिल्या आहेत.

प्लास्टिक नेमके कशाने खराब होते

कारण समजले की पुढची प्रत्येक सूचना पटते, म्हणून थोडे त्याविषयी. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण प्लास्टिकमधील लांबलचक रेणुसाखळ्या तोडतात. तुटलेल्या टोकांशी हवेतील प्राणवायूचा संयोग होतो, त्यातून आणखी साखळ्या तुटत जातात, आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. वरचा अगदी पातळ थर ठिसूळ होतो, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांवर प्रकाश विखुरल्यामुळे काळा रंग राखाडी भासतो. बंपरच्या प्लास्टिकला ताठपणा यावा म्हणून त्यात शंखजिऱ्याची (टाल्क) पूड मिसळलेली असते. वरचे प्लास्टिक झिजले की ती पांढरी पूड उघडी पडते आणि बोट फिरवले तर बोटाला लागते. कारखान्यात या प्लास्टिकमध्ये काजळी आणि प्रकाशाचा मारा सोसणारी रसायने घातलेली असतात, म्हणून ते इतकी वर्षे तरी तग धरते. मात्र ती रसायने उन्हात हळूहळू खर्ची पडतात आणि पुन्हा आत घालता येत नाहीत.

तडे जाण्यामागे याच ठिसूळपणाच्या जोडीला आकुंचन-प्रसरण असते. साध्या पॉलिप्रॉपिलीनची (बंपरच्या मुख्य प्लास्टिकची) एक मीटर लांबीची पट्टी ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबते, तर तेवढ्याच लांबीची पोलादी पट्टी अर्धा मिलिमीटरही लांबत नाही. शंखजिरे मिसळलेले प्लास्टिक थोडे कमी लांबते, पण तेही पोलादाच्या कितीतरी पट. बंपर किंवा क्लॅडिंग पोलादी सांगाड्याला क्लिपांनी आणि स्क्रूंनी जखडलेली असते, त्यामुळे रोज दुपारी ती फुगते, पहाटे आखडते आणि दर वेळी क्लिपच्या भोकाशी ओढ बसते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाट आणि दुपार यांच्या तापमानात वीसेक अंशांचा फरक सहज असतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे काळे प्लास्टिक तर हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापते. शिवाय नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. उंची वाढली की अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी. म्हणजे मुंबईच्या तुलनेत इथला वाटा थोडा जास्तच. हवा आल्हाददायक वाटते म्हणून ऊन सौम्य आहे, असे समजू नये.

पहिली पायरी: कोणता भाग कशाचा आहे ते ओळखणे

सगळ्या प्लास्टिकला एकच औषध चालत नाही, आणि नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. रंग न दिलेले खडबडीत काळे भाग बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात व त्यात ईपीडीएम नावाचे रबर मिसळलेले असते. आरशांची कव्हरे आणि पुढची जाळी बहुधा एबीएस किंवा एएसए प्रकारच्या प्लास्टिकची असते. पुढच्या दिव्यांची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असते, तर मागच्या लाल दिव्यांची बहुतेक वेळा अॅक्रिलिकची.

खात्री करायची असेल तर बंपरची खालची कड किंवा क्लॅडिंगची मागची बाजू मोबाईलच्या टॉर्चने पाहावी. साच्यातच उमटलेली, बाणाच्या टोकांसारख्या दोन खुणांमधली छोटी अक्षरे तिथे दिसतात. त्यात पीपी आणि ईपीडीएम अशी अक्षरे आणि पुढे टी किंवा टीडी २० असे काही असेल तर ते रबर मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन असून त्यात २० टक्के शंखजिरे आहे, असा त्याचा अर्थ होतो. एबीएस असेल तर तसे लिहिलेले असते. या खुणेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पुढे तडा सांधायची वेळ आली तर कारागिराला हीच माहिती सर्वांत आधी लागते.

दुसरी पायरी: गाडी कुठे आणि कोणत्या तोंडाने उभी करायची

माझ्या मते या संपूर्ण लेखातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण सावली जे करते ते कोणतीही बाटली करू शकत नाही. छताखालची जागा असेल तर प्रश्नच नाही. पण सिडको, इंदिरानगर किंवा पंचवटीच्या जुन्या वस्त्यांमध्ये बहुतेक गाड्या रस्त्याच्या कडेला उघड्यावरच उभ्या असतात, आणि तिथे निदान दिशा तरी आपल्या हातात असते.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस वर्षात दोनदाच, २० मे आणि २३ जुलै यांच्या आसपास येतात. या मधल्या दोन महिन्यांत तो किंचित उत्तरेला असतो आणि उरलेले दहा महिने दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजेच वर्षभर एकाच जागी, तोंड दक्षिणेला करून उभ्या राहणाऱ्या गाडीचे पुढचे दिवे, जाळी आणि बंपर यांच्यावर सगळा मारा होतो. पश्चिमेकडची बाजूही तितकीच सांभाळावी लागते, कारण दुपारी तीन-चारचे ऊन पडते तेव्हा प्लास्टिक आधीच तापलेले असते. एकाच गाडीची डावीकडची क्लॅडिंग काळी आणि उजवीकडची राखाडी दिसली तर ती गाडी रोज कोणत्या तोंडाने उभी राहते, हे विचारण्याचीही गरज पडत नाही. जागा बदलता येत नसेल तर तोंड बदलावे: एक आठवडा सरळ, एक आठवडा उलटी, एवढ्याने मारा दोन्ही बाजूंना वाटला जातो. पर्याय असेल तर गाडीचे तोंड उत्तरेकडे किंवा भिंतीकडे करावे, कारण पुढचे दिवे सर्वांत महाग असतात.

झाडाची सावली चांगली, पण झाड पाहून. कडुनिंबाची सावली चांगली, पण निंबोळ्यांच्या दिवसांत तीही टाळावी. उंबर आणि जांभळाखाली फळांच्या दिवसांत पक्ष्यांची वर्दळ असते, आणि विष्ठा उन्हात वाळली की रंगासकट प्लास्टिकवरही डाग धरते. गुलमोहराची बारीक पाने वायपरखालच्या जाळीत साचून पाण्याचे निचऱ्याचे मार्ग बुजवतात. पावसाळ्याआधी बॉनेट उघडून ती हाताने काढावीत.

कव्हर वापरणार असाल तर हवा खेळणारे, आतून मऊ आणि गाडीच्या मापाचे घ्यावे. सैल कव्हर वाऱ्याने फडफडते आणि आत अडकलेली धूळ वॉटर पेपरसारखी घासत राहते. नाशिकरोडकडे एकलहरे वीज केंद्राच्या परिसरात राखेचे बारीक कण, तर सातपूर-अंबडकडे कारखान्यांच्या वाटेवरची धूळ गाडीवर बसते, तिथे तर धुळकट गाडीवर कव्हर टाकणे टाळलेलेच बरे. ओल्या गाडीवर कव्हर घालू नये. पावसाळ्यात आत दमटपणा कोंडून रबरी बीडिंगवर हिरवट थर येतो.

तिसरी पायरी: धुणे, आणि डिझेलच्या बोळ्याला ठाम नकार

गाडी सावलीत आणि प्लास्टिक हाताला गार लागत असताना धुवावी. तापलेल्या बंपरवर पाणी टाकले की ते लगेच वाळून डाग पाडते, आणि शॅम्पूही तिथेच वाळून बसतो. आधी नुसत्या पाण्याने धूळ-चिखल सैल करावा. एका बादलीत गाडीचा सौम्य शॅम्पू आणि दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी ठेवून कापड दर वेळी स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावे. काळ्या खडबडीत भागांसाठी वेगळे कापड ठेवावे, कारण तिथली वाळू रंगावर गेली तर ओरखडे पडतात. कपडे धुण्याची पावडर, फिनेल किंवा फरशीचे आम्लयुक्त द्रावण गाडीला लावू नये. बोअरचे पाणी बहुधा जड असते, म्हणून शेवटचे पाणी नळाचे घ्यावे आणि गाडी उन्हात वाळू न देता कापडाने टिपावी. डाग पडलेच असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन खडबडीत काळ्या भागावर फिरवावे आणि लगेच धुवावे.

आता डिझेलविषयी. अनेक वॉशिंग सेंटरांत गाडी धुऊन झाली की डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा बंपरवर, क्लॅडिंगवर आणि टायरवर फिरवण्याची पद्धत आहे. त्याने प्लास्टिक क्षणात काळेभोर दिसते, आणि मालकही खूश होतो. पण डिझेल हे तेल आहे: ते प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या ईपीडीएम रबराला आणि दारांच्या बीडिंगला फुगवते, उन्हात उडून गेल्यावर चिकट थर मागे ठेवते, आणि त्या थरावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसते. पुढच्या वेळी ती धूळ काढायला जास्त जोराने घासावे लागते. अतिनील किरणांपासून त्याने कसलेही रक्षण होत नाही. गाडी धुवायला देतानाच ‘डिझेल मारू नका, पॉलिशही नको’ असे स्पष्ट सांगावे आणि तिथे उभे राहावे. पेट्रोल आणि थिनर यांचा धोका याहून मोठा आहे, कारण एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्यांच्या स्पर्शाने मऊ पडते किंवा त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. डांबराचे ठिपके काढण्यासाठी दिव्यांवर पेट्रोलचे फडके फिरवणे हा दिवे कायमचे बाद करण्याचा सोपा मार्ग आहे. हीच गोष्ट ब्रेक ऑइलची. ते सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

दाबाच्या पाण्याचा पाइप प्लास्टिकपासून निदान हातभर लांब धरावा आणि कडांमध्ये, चिकटवलेल्या पट्ट्यांच्या टोकांवर सरळ मारू नये.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांच्यासाठी एक खास सूचना. गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर) द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात आणि बांधालगत उभ्या केलेल्या गाडीवर फवाऱ्याचे तुषार येतात. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे निळसर पांढरे ठिपके काळ्या प्लास्टिकच्या खडबडीत पोतात घट्ट बसतात, आणि त्यातला चुना अल्कधर्मी असल्याने पॉलिकार्बोनेटच्या दिव्यांना तो मानवत नाही. ठिपके वाळण्याआधी, त्याच दिवशी, भरपूर साध्या पाण्याने गाडी धुवावी. कोरडे ठिपके नखाने किंवा फडक्याने खरवडू नयेत. बागेत गाडी नेणे टाळता येत नसेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करावी.

चौथी पायरी: पोतातली घाण काढणे आणि प्लास्टिकची परीक्षा घेणे

रंगाला लावलेले वॅक्स काळ्या प्लास्टिकवर गेले की पांढरे पट्टे राहतात आणि ते साध्या धुण्याने जात नाहीत. गाडीसाठी मिळणारे सर्व कामांचे क्लीनर एकास दहा प्रमाणात पाण्यात मिसळून, जुन्या मऊ टूथब्रशने, पोताच्या दिशेने घासावे आणि वाळण्याआधी धुवावे. तरीही पट्टा राहिला तर शाळेतला पांढरा खोडरबर बऱ्याचदा काम करून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे पाणी घालून पॉलिप्रॉपिलीनवर वापरायला हरकत नाही, पण ते अॅक्रिलिकच्या मागच्या दिव्यांवर किंवा दारावरच्या रेन व्हायझरवर जाऊ देऊ नये, कारण तिथे त्याने बारीक भेगा पडू शकतात.

भाग पूर्ण कोरडा झाला की दोन परीक्षा घ्याव्यात. स्वच्छ पांढरे मायक्रोफायबर कापड बोटाला गुंडाळून, जरा दाब देऊन, हातभर अंतर एकाच दिशेने ओढावे. कापड स्वच्छ राहिले तर पृष्ठभाग शाबूत आहे. राखाडी भुकटी आली तर वरचा थर सुटू लागला आहे. दुसरी परीक्षा पाण्याची. काही थेंब टाकून पाहावे: थेंब गोल राहिले तर वर काहीतरी थर आहे, आणि पाणी पसरून प्लास्टिक तेवढ्यापुरते काळे दिसू लागले तर ते उघडे आहे. थेंब गोल राहणे म्हणजे अतिनील किरणांपासून रक्षण होतेच असे नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे. थर उडून गेला आहे हे कळण्यापुरतीच ही परीक्षा विश्वासार्ह आहे.

पाचवी पायरी: संरक्षक थर

बाजारात या कामासाठी ढोबळ मानाने तीन प्रकार मिळतात. पाण्यात विरघळवलेले ड्रेसिंग सर्वांत स्वस्त आणि सोपे. ते आठवड्यांच्या हिशोबाने टिकते. पॉलिमरचे ट्रिम सीलंट काही महिने टिकते. सिलिकावर आधारलेले सिरॅमिक कोटिंग सर्वांत महाग आणि सर्वांत टिकाऊ, पण लावताना चूक झाली तर ती चूकही तितकीच टिकते. चौथा एक प्रकार आहे, तेलकट सिलिकॉनचा, पुसल्यावर ओला दिसणारा आणि हाताला चिकट लागणारा. तो धूळ ओढतो, पावसात ओघळतो, आणि पुढे त्या भागाला रंग द्यायचा झाला तर पेंटरला डोकेदुखी होते, कारण सिलिकॉनवर रंग नीट बसत नाही, खड्डे पडतात. खोबरेल तेल, बूट पॉलिश आणि स्वयंपाकघरातील इतर उपाय याच रांगेतले. बाटली घेताना चकाकीची जाहिरात न पाहता, अतिनील किरण शोषणारा घटक आहे असे वेष्टनावर लिहिले आहे का ते पाहावे.

नवख्याने ड्रेसिंग किंवा सीलंटपासून सुरुवात करावी. काम सावलीत, प्लास्टिक गार असताना आणि हवा साधारण १५ ते ३० अंशांच्या दरम्यान असताना करावे. नाशिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी उत्तम आहे. फक्त थंडीत सकाळी दव असते, म्हणून नऊ-दहानंतर, पृष्ठभाग खरोखर कोरडा आहे याची खात्री करून हात लावावा. एप्रिल-मेमध्ये करायचे झाले तर छताखाली, भल्या सकाळी. चौथ्या पायरीतील सफाई झालेली असली पाहिजे, कारण धुळीवर लावलेला थर धुळीसकट निघतो.

स्पंजच्या छोट्या वडीवर चार-पाच थेंब घ्यावेत आणि एका वेळी हातभर भाग आडवा-उभा घासत पातळ थर पसरावा. जाड थर जास्त टिकतो हा गैरसमज आहे. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पहिल्या पावसात पांढरट ओघळ सोडतो. दोन-तीन मिनिटांनी, किंवा बाटलीवर लिहिली असेल त्या वेळेनंतर, कोऱ्या कापडाने जादा द्रव टिपून घ्यावा, आणि हे टिपणे कधीही वगळू नये. पोताच्या खोलगट भागात द्रव साचून राहतो, तो टूथब्रशने काढावा. वायपरखालच्या जाळीवर स्प्रे मारू नये, तो काचेवर उडतो आणि पहिल्या सरीत समोरचे दिसेनासे होते. तिथे वडीच वापरावी. रंगाच्या कडेला चिकटपट्टी लावली तर काम स्वच्छ होते. पार्किंग सेन्सरच्या गोल तोंडांवर थर चढू देऊ नये. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, ब्रेकच्या चकतीवर आणि पायाच्या पेडलांवर यातले काहीही जाता कामा नये.

त्यानंतर निदान बारा तास, सिरॅमिक असेल तर चोवीस तास किंवा वेष्टनावर लिहिले असेल तितके, पाणी लागू देऊ नये.

सर्वांत आधी कोणते भाग करावेत, असा प्रश्न वेळ किंवा पैसे कमी असताना पडतो. वायपरखालची जाळी पहिली, कारण ती जवळजवळ आडवी असल्याने दुपारचे ऊन थेट झेलते आणि खालून इंजिनाची उष्णताही सोसते. मग छतावरच्या रेल्सची काळी टोके आणि आरशांची बैठक. चाकांच्या कमानी त्यानंतर आणि बंपरची खालची कड शेवटी, कारण ती बरीचशी स्वतःच्याच सावलीत असते.

आधीच पांढऱ्या पडलेल्या भागाचे काय करावे? हलका फिकटपणा सीलंटने झाकतो आणि पुढची झीज मंदावते, एवढे समाधान पुरेसे मानावे. भुकटी सुटू लागली असेल तर प्लास्टिकसाठीचा काळा रंग किंवा डाय हाच टिकाऊ उपाय. मात्र पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही, आधी त्यासाठीचा वेगळा प्रायमर लावावा लागतो, आणि तो न लावता केलेले काम सोलून निघते. हीट गनने प्लास्टिक तापवून काळे करण्याचे व्हिडिओ पुष्कळ दिसतात. त्याने पृष्ठभाग थोडा वितळून काळा दिसतो, पण ती काही महिन्यांचीच गोष्ट असते, आणि गन क्षणभर एका जागी थांबली तर पट्टी कायमची वाकते. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

सहावी पायरी: पुढचे दिवे

पॉलिकार्बोनेट अतिनील किरणांनी पिवळे पडते, म्हणून कारखान्यात त्यावर एक कडक पारदर्शक थर दिलेला असतो. तो शाबूत असेपर्यंत दिवे फक्त सौम्य शॅम्पूने धुवावेत आणि वर सीलंट लावावे, घासू नये. थर उडून दिवे पिवळट, धुरकट झाले असतील तर भोवती चिकटपट्टी लावून १०००, २००० आणि ३००० नंबरच्या वॉटर पेपरने, भरपूर पाणी घालत, क्रमाने घासावे आणि पॉलिशिंग कंपाउंडने पारदर्शकता आणावी. याच्यापुढे, अतिनीलरोधक थर न देता काम सोडले तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो, कारण आपण मूळचे कवच पूर्ण काढून टाकलेले असते. टूथपेस्टचा उपाय याच कारणाने टिकत नाही. धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर बाहेरून घासून उपयोग नाही. दिव्याचे मागचे झाकण आणि हवेची नळी नीट बसली आहे का ते गॅरेजमध्ये पाहून घ्यावे.

सातवी पायरी: क्लिपा आणि तडे

बहुतेक तडे क्लिपच्या भोकापासून किंवा जास्त आवळलेल्या स्क्रूपासून सुरू होतात. भोकाच्या कडेला आधी एक पांढरट चंद्रकोर उमटते. तिथले प्लास्टिक ताणले गेल्याची ती खूण असते, आणि तडा पुढे तिथूनच निघतो. ती दिसली की स्क्रू सैल करून, भोकाला आधार देणारी चकती घालून, हाताने बसेल तेवढाच आवळावा. अनेक भोके मुद्दाम लांबट ठेवलेली असतात, ती प्लास्टिकला फुगायला-आखडायला जागा मिळावी म्हणून; तिथे जाड स्क्रू ठोकून जागा बंद करणे म्हणजे तड्याला आमंत्रण.

हरवलेली क्लिप लगेच बसवावी. एक क्लिप गेली की तिच्या वाट्याचा थरथराट शेजारच्या दोघींवर पडतो, आणि द्वारका चौकातून आडगावकडे महामार्गाच्या वेगाने जाताना ती सैल कड सतत फडफडत राहते. पावसाळ्यात त्र्यंबक किंवा इगतपुरीकडून आल्यावर चाकांच्या कमानींच्या आत साचलेला चिखल पाण्याने काढून टाकावा. वाळलेला चिखल जड होतो आणि आतल्या अस्तराच्या क्लिपा ओढून काढतो.

थंडीत, विशेषतः निफाडच्या बाजूला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा, सकाळी सकाळी बंपर किंवा पट्टी उघडण्याचे काम हाती घेऊ नये. पॉलिप्रॉपिलीन गारठ्यात कडक होते आणि जुन्या क्लिपा पहिल्याच हिसक्याला तुटतात. गाडी तासभर कोवळ्या उन्हात ठेवावी किंवा त्या भागावर कोमट पाणी ओतावे, मग हात घालावा.

तडा गेलाच तर तो वाढण्याआधी त्याच्या टोकाशी सुमारे ३ मिलिमीटरचे गोल भोक पाडावे, म्हणजे टोकावरचा ताण पसरतो. झटपट चिकटवणाऱ्या ट्यूबा पॉलिप्रॉपिलीनवर धरत नाहीत; चार दिवसांत सांधा उघडतो आणि मधल्या कडक झालेल्या डिंकामुळे पुढचे कामही अवघड होते. अशा बंपरला प्लास्टिक वेल्डिंगच करावे लागते, आणि त्यासाठी वापरायची सळई त्याच प्लास्टिकची हवी. पहिल्या पायरीत काढलेला फोटो इथे दाखवावा. तारेचे तापवलेले टाके मागच्या बाजूने आधार म्हणून चांगले, पण केवळ टाक्यांवर काम सोडू देऊ नये. एबीएसचा भाग मात्र दोन भागांच्या इपॉक्सीने सांधता येतो. तडा बंपरच्या कोपऱ्यातल्या आधाराच्या कडीत किंवा दिवा ज्याने बसवलेला असतो त्या कानात असेल, तर सांधण्यापेक्षा भाग बदलणे मी पसंत करीन, कारण तिथे वजन आणि धक्का दोन्ही येतात.

नवा भाग विकत घेतला की बसवण्याआधीच तो सौम्य शॅम्पूने धुऊन, पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना व भोकांभोवती सीलंटचा पातळ थर द्यावा. एकदा तो गाडीवर चढला की त्या कडांपर्यंत बोट पोहोचत नाही. भाग रंगवायचा असेल तर मात्र रंग आधी पूर्ण होऊ द्यावा आणि वाळू द्यावा, सीलंट त्यानंतर.